याला काय हवंय आणि किंमत कोण मोजतंय?

'अमुक पात्राचं स्वभावचित्र रेखाटा' हा प्रश्न मराठीच्या पेपरात वर्षानुवर्षं येतो आणि त्याचं उत्तरही वर्षानुवर्षं एकच असतं. तो प्रामाणिक होता, कष्टाळू होता, मायाळू होता, प्रसंगी कठोर होता. पाच विशेषणं, पाच मार्क. शाळा सुटते, सवय सुटत नाही. सांगलीत भावे नाट्यमंदिरातून प्रयोग बघून बाहेर पडणाऱ्या गर्दीकडे कान दिला तर हेच ऐकू येतं: सासरा खाष्ट दाखवलाय, सून सोशिक, मुलगा अगदीच नेभळट. नाटकाला म्हणायचंय काय, असं विचारलं की 'आईवडिलांना अंतर देऊ नये' नाहीतर 'व्यसन वाईट' असं एका वाक्यात आटोपतं. तेवढ्यासाठी अडीच तास खुर्चीत बसायची गरज नव्हती, ते भिंतीवर रंगवूनही चाललं असतं.

हौशी नाटकवाल्या पोरापोरींबरोबर संहिता वाचायला बसायची मला आवड आहे. स्पर्धेचे दिवस आले की आमच्याकडे अशी वाचनं गल्लोगल्ली चालतात. तिथे मी पहिल्या दिवशी विशेषणांवर बंदी घालतो. पात्र 'कसं आहे' ते नंतर बघू. आधी सांगा, त्याला हवंय काय? आणि ते मिळावं म्हणून तो स्वतः काय मोजतोय, की दुसऱ्याला मोजायला लावतोय? या दोन प्रश्नांची उत्तरं संहितेतल्या प्रसंगांवर बोट ठेवून देता आली तर विशेषण आपोआप सापडतं, आणि बरेचदा आपण आधी धरून चाललो होतो त्यापेक्षा वेगळंच सापडतं.

विशेषणांवर भागायचं असा एक काळ होता, आणि त्याची सुरुवात आपल्याच गावातली आहे. १८४२ मध्ये कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले. ते बघून संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं, आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आलं. त्या नाटकांत संवाद लिहिलेले नसत. सूत्रधार पदं गायचा, पात्रं आयत्या वेळी सुचेल तसं बोलायची. राक्षस आला की आरडाओरडा करूनच यायचा. त्या आरोळीवरून पुढे या नाटकांना 'अललडुर्र' म्हणायला लागले. देव कसा, राक्षस कसा, ऋषी कसा, हे पात्राच्या तोंडावरच्या रंगात ठरलेलं. प्रेक्षकाला गोष्ट पाठ. रावणाला सीता का हवी आहे, यावर कुणी डोकं खाजवत बसत नव्हतं, आणि त्यात काही उणं नव्हतं. त्या नाटकाची मजाच निराळी होती.

त्यानंतर छप्पन्न वर्षांनी, १८९९ मध्ये, गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' आलं. देवल हरिपूरचे. सांगलीहून कृष्णेच्या कडेकडेने निघालं की वारणेच्या संगमाशी जे गाव लागतं, ते. 'शारदा' तिथल्या पारावर बसून लिहिलं असं गावात आजही सांगतात. या नाटकात राक्षस आहे का? पोरं चटकन 'भुजंगनाथ' म्हणतात. पाऊणशे वर्षांचा पैसेवाला म्हातारा, कोवळ्या मुलीशी लग्न करायला निघालेला, नावातच साप. विशेषण तयार: लंपट. पुढे जायचं का? थांबा.

'म्हातारा इतुका न अवघें पाऊणशें वयमान' हे पद सगळ्यांना तोंडपाठ आहे. ते थट्टेचं आहे हेही सगळ्यांना कळतं. पण थट्टा कशाची? म्हाताऱ्याच्या वयाची नुसती थट्टा करायची तर 'केवढा हा म्हातारा' म्हटलं असतं. पद मात्र म्हणतं, छे, तेवढा काही म्हातारा नाही, अवघा पाऊणशे! म्हणजे टिंगल चालली आहे ती भुजंगनाथाच्या बाजूने दिल्या जाणाऱ्या सबबीची. मग आपला प्रश्न लावून बघा. भुजंगनाथाला काय हवंय? बायको हवी आहे हे झालं वरवरचं. माझं वाचन असं की त्याला आपण म्हातारे नाही याचा दाखला हवा आहे, आणि तो चारचौघांसमोर मांडवात मिळायला हवा आहे. शारदा म्हणजे त्या दाखल्यावरचा शिक्का. असं वाचलं की पात्र एकदम जास्त भयंकर होतं. लंपट माणसाची किळस येते आणि आपण मोकळे होतो. मरणाच्या भीतीने दुसऱ्याचं आयुष्य विकत घेणारा माणूस ओळखीचा वाटायला लागतो, आणि तिथे मोकळं होता येत नाही.

ही चर्चा वाचनाच्या खोलीत राहत नाही, तालमीत लगेच तिचा जाब द्यावा लागतो. भुजंगनाथ नुसता हास्यपात्र करून उभा केला, कंबर वाकवून, बोळकं दाखवून, तर पहिल्या दोन प्रवेशांत हशा मिळतो. पण पुढे शारदा 'मूर्तिमंत भीती उभी मजसमोर राहिली' म्हणते तेव्हा प्रेक्षक विचारतो, भीती कसली, त्या विदूषकाची? पद वाया जातं. ताठ, नीटनेटका, आवाजात हुकमत असलेला भुजंगनाथ केला तर हशा कमी होतो आणि पद अंगावर येतं. दोन्ही करता येतात. मी दुसऱ्याच्या बाजूचा आहे.

आता कांचनभट, शारदेचा बाप. पोरं त्याला लोभी म्हणतात, आणि इथे विशेषण फारसं चुकत नाही. त्याला पैसा हवा आहे. मात्र किंमत कोण मोजतंय ते बघा: त्याच्या खिशातून काहीच जात नाही, सगळी किंमत मुलगी मोजते. वर त्याच्यापाशी युक्तिवादही आहे. मुलगी श्रीमंताघरी पडेल, सुखात राहील. 'श्रीमंत पतीची राणी' या पदात त्या थाटाचं चित्र रंगवलेलं आहे. जुन्या नाटकातला खलपुरुष आपण वाईट करतोय हे जाणून करायचा. कांचनभटासारखी माणसं आपण मुलीचं भलंच करतोय असं स्वतःला पटवून देतात, आणि म्हणून ती घराघरांत सापडतात. भद्रेश्वर दीक्षित मध्यस्थ आहे. त्याला लग्न जुळणं हवंय, कुणाचं कुणाशी याच्याशी त्याला देणंघेणं नाही. इंदिराकाकू, शारदेची आई, हिचा जीव तुटतो, पण घरात तिच्या शब्दाला वजन नाही.

राहिला कोदंड, तरुण, सुधारक, नाटकाचा नायक. त्याला हे लग्न मोडायचं आहे. ते तो कसं मोडतो, इथे माझ्या मते या नाटकाची खरी गाठ आहे. भर मांडवात तो उभा राहून 'हा अन्याय आहे' एवढंच म्हणून थांबला असता तर लग्न लागलं असतं. लग्न थांबतं ते वर आणि वधू सगोत्र निघतात म्हणून. पाऊणशे वर्षांच्या म्हाताऱ्याने कोवळ्या मुलीशी लग्न करायला शास्त्राची हरकत नाही. गोत्र एक असायला मात्र हरकत!

हे लेखकाचं कच्चं काम की पक्कं? यासाठी नाटक ज्या सालातलं त्या सालात जाऊन उभं राहावं लागतं. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला, त्याने मुलीच्या शरीरसंबंधासाठीच्या संमतीच्या वयाची अट दहावरून बारावर नेली, आणि तेवढ्यावरून महाराष्ट्रात केवढं रान पेटलं होतं. टिळकांनी त्याला विरोध केला होता. लग्नाचं किमान वय ठरवणारा कायदा आला १९२९ मध्ये, मुलीला चौदा आणि मुलाला अठरा. (त्याला 'शारदा कायदा' म्हणतात म्हणून तो देवलांच्या नाटकावरून आला असं बऱ्याच जणांना वाटतं. नाव पडलं ते हरबिलास सारडा यांच्यावरून.) आणि हा कायदासुद्धा म्हाताऱ्या वराला अडवत नव्हता. म्हणजे १८९९ सालच्या कोदंडाकडे कायद्याचं हत्यार नव्हतंच. त्याने विरोधकांच्याच भात्यातला बाण काढला. एक वाचन असं की देवल जपून पाऊल टाकत होते, सनातनी प्रेक्षक बिथरू नये म्हणून. दुसरं असं की देवलांनी शास्त्राचं हसंच केलं आहे: बघा, तुमच्या नियमांना मुलीचं वय दिसत नाही, गोत्र तेवढं दिसतं. दोन्हींना संहितेत आधार सापडतो. मला दुसरं जास्त पटतं, कारण 'म्हातारा इतुका न' लिहिणारा माणूस टोमणा न मारता गप्प बसेल असं वाटत नाही.

एवढं झालं की आशयसूत्राकडे वळता येतं. थीम म्हणा, मध्यवर्ती कल्पना म्हणा. पोरांचा घोळ इथे सगळ्यात जास्त होतो, कारण त्यांना बोध शोधायची सवय लागलेली असते. 'जरठविवाह वाईट' हा झाला विषय आणि त्यावरचा शेरा. आशयसूत्र शोधताना मी असं करतो: नाटकातल्या सगळ्या पात्रांना एकच प्रश्न विचारून बघायचा, आणि प्रत्येकाकडून वेगळं उत्तर मिळतं का ते तपासायचं. सगळी उत्तरं सारखी आली तर प्रश्न चुकला, दुसरा घ्यायचा. 'शारदे'ला मी विचारतो, मुलीच्या लग्नाचा निर्णय कुणाचा? कांचनभटाच्या लेखी बापाचा. भुजंगनाथाच्या लेखी पैसे मोजणाऱ्याचा. इंदिराकाकूला वाटतं आईलाही काही बोलू द्यावं. कोदंडाला शेवटी शास्त्राचा आधार घ्यावा लागतो, आणि त्याचं स्वतःचं शारदेशी लग्न लागतं तेही शंकराचार्यांच्या संमतीने. मुलीचा निर्णय मुलीचा, हे उत्तर कुणाच्याच वागण्यातून येत नाही, नायकाच्यासुद्धा नाही. लग्न मोडल्यावर शारदा जीव द्यायला निघते. नाटकभर तिने स्वतःहून घेतलेला मोठा निर्णय कोणता म्हणाल तर हा. कोदंड तिला वाचवतो आणि नाटक गोड होतं. पण प्रश्न हातात धरून बसलेल्या वाचकाला तो गोडवा थोडा अडखळायला लावतो. हे अडखळणं ज्या उत्तरात उतरलंय त्याला मी पैकीच्या पैकी देईन.

सगळ्या नाटकांना ही खोदाखोद सोसत नाही, हेही लगेच सांगून टाकतो. देवलांचंच 'संशयकल्लोळ' घ्या. मोलिएरने १६६० मध्ये फ्रेंचमध्ये एक छोटा फार्स लिहिला, त्यावरून १७६१ मध्ये आर्थर मर्फीने इंग्रजीत नाटक केलं, त्यावरून देवलांनी १८९३ मध्ये 'फाल्गुनराव' लिहिलं आणि पुढे १९१६ मध्ये ते पदांसह 'संशयकल्लोळ' म्हणून आलं. त्यातल्या नावांची गंमत लक्षात आली का? पुरुष महिन्यांचे: फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, नोकर भादव्या. बायका नक्षत्रांच्या: कृत्तिका, रेवती, मघा. लेखक दारातच सांगतोय की ही माणसं म्हणजे पंचांगातली पानं आहेत, यांच्या बालपणात शिरू नका. फाल्गुनराव संशयी का झाला, त्याच्या आईने त्याला काही केलं होतं का, असले प्रश्न घेऊन बसलात तर नाटक हातातून निसटेल.

इथे पात्रापेक्षा वस्तूचा माग काढावा. रेवतीला भर रस्त्यात भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो, आणि नेमकं ते त्याची बायको कृत्तिका बघते. गडबडीत रेवतीच्या हातून अश्विनशेठची तसबीर पडते. ती कृत्तिकेला सापडते. आता परक्या पुरुषाची तसबीर न्याहाळणारी बायको फाल्गुनरावाला दिसते. झालं! नवऱ्याकडे पुरावा, बायकोकडे पुरावा, आणि दोघांचाही पुरावा डोळ्यांनी बघितलेला, कुणी कानात सांगितलेला नव्हे. तसबीर जिकडे जाते तिकडे संशय जातो. प्रत्येकाला खरंच काहीतरी दिसलंय, आणि प्रत्येकाने त्याचा अर्थ आधीच लावून ठेवलेला आहे. यापेक्षा जास्त आशय या नाटकातून पिळायला जाऊ नये, आणि एवढा आशय पुष्कळ आहे.

आता उलट्या टोकाचं उदाहरण, ज्यात आशय संहितेच्या बाहेर उभा होता. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे, टिळकांच्या 'केसरी'तले. त्यांचं 'कीचकवध' १९०७ मध्ये आलं. गोष्ट महाभारतातली. अज्ञातवासातले पांडव, सैरंध्री होऊन राबणारी द्रौपदी, तिच्यावर डोळा ठेवणारा कीचक, आणि त्याचा भीमाने केलेला वध. इंग्रजांचं नावही नाटकात नाही. तरी सरकारने १९१० मध्ये त्यावर बंदी घातली, कारण प्रेक्षकाला कीचकात व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन दिसत होता आणि सरकारलाही प्रेक्षकाला काय दिसतंय ते दिसत होतं.

इथे पोरांना जोर चढतो. मग प्रत्येक नाटकात कुणीतरी लपलेलं सापडायला लागतं. एकाने तर भादव्यात शोषित वर्ग शोधून आणला होता. म्हणून याला एक चाळणी लावायची. एक पात्र कुणासारखं तरी वाटलं म्हणजे रूपक होत नाही. पात्रांमधली नाती जुळावी लागतात. 'कीचकवधा'त कीचक कर्झन, एवढंच असतं तर मी मान हलवून सोडून दिलं असतं. पण अपमान सोसणारी द्रौपदी म्हणजे देश असं धरलं की तिच्या बाजूच्या दोन माणसांमधलं भांडण कळतं. धर्मराज म्हणतो, कळ काढ, मुदत संपू दे, नियमाने जाऊ. भीम म्हणतो, आता नाही तर कधी? हे नाटक आलं त्याच १९०७ साली सुरतेला काँग्रेसमध्ये मवाळ आणि जहाल याच भांडणावरून फुटले. द्रौपदी, धर्मराज, भीम आणि कीचक हे चारही कोपरे बसतात आणि त्यांच्यामधल्या रेघाही बसतात. तेव्हा रूपक मानायला हरकत नाही. भादव्याच्या बाबतीत एकच कोपरा होता.

आणि नुसतं रूपक म्हणूनही ते नाटक संपत नाही. कर्झन १९०५ मध्येच निघून गेला. आज ते वाचलं तर उरते ती द्रौपदी, जिचे पाच नवरे आसपास आहेत आणि प्रत्येकाकडे गप्प राहण्याचं चांगलं कारण आहे.

नाटकात पात्र बोलतं, त्यामुळे त्याला काय हवंय ते निदान ऐकू तरी येतं. कथेत लेखक मध्ये उभा असतो, म्हणून जास्त सावध राहावं लागतं. इथे आमच्या जिल्ह्यातलंच उदाहरण घेतो. अण्णा भाऊ साठे वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे, जन्म १९२०चा. त्यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा ज्यांनी एकदा वाचली ते ती विसरत नाहीत, पण आठवणीत राहतात ती प्रेतं आणि कोल्ही. गोष्ट अशी: भीमा नावाचा दांडगा गडी पोटासाठी मुंबईला येतो, दगडाच्या खाणीत कामाला लागतो. खाण बंद पडते. हताश होऊन जाताना त्याला स्मशानातल्या राखेत सोनं सापडतं. मग तो राख चाळायला लागतो. राखेवरून पुरलेल्या प्रेतांवर येतो. रात्री उकरायचं, अंगावरचं, तोंडातलं सोनं काढायचं. एका रात्री कोल्ह्यांशी झुंजत प्रेताचा जबडा उघडताना त्याची बोटं त्यात अडकतात. बोटं कापावी लागतात.

विशेषण लावा बघू. लोभी? निर्दय? वाचनात पहिल्या फेरीला 'हव्यास' हा शब्द हमखास येतो आणि आशय निघतो 'लोभाचं फळ वाईट'. कथा तिथे संपली असती तर तेही चाललं असतं, इसापाची झाली असती. पण साठ्यांनी शेवटी एक गोष्ट ठेवली आहे: बोटं गेलेल्या भीमाला कळतं की बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाली. आणि तो धाय मोकलून रडतो.

इथे आपला प्रश्न विचारायचा. भीमाला काय हवं होतं? सोन्याच्या हव्यासाने पछाडलेला माणूस खाण सुरू झाली म्हणून कशाला रडेल? त्याला सोनं गेल्याचं रडू आलं असतं. तो रडतो, कारण दगड फोडायला बोटं लागतात. म्हणजे एवढा वेळ त्याला काम हवं होतं. सोनं ही त्या कामाच्या जागी आलेली बदली होती. हे कळलं की कथा मागे जाऊन पुन्हा वाचावी लागते. राख चाळणं, उकरणं, पहार चालवणं, हे सगळं तो करतो कसं? मन लावून, अंग मोडून, खाणीत करायचा तसंच. स्मशानातही तो मजुरीच करतो आहे. चोराचं कसब आणि मजुराचं कसब यांत फरक असतो, आणि भीमाचं कसब मजुराचं आहे. त्याची बायको हे ऐकून घाबरते, भुताखेतांचं बोलते, पण घरात चूल त्याच सोन्यावर पेटते. तेव्हा किंमत कोण मोजतंय? बोटं भीमाची गेली. खाण ज्याने बंद केली आणि पुन्हा सुरू केली, तो कथेत दिसतसुद्धा नाही.

न दिसणारं पात्र शोधायची ही सवय लावून घ्यावी. ज्याच्या निर्णयाने सगळं घडलं तो माणूस बरेचदा पानावर नसतो.

चित्रपटात ही सोय आणखी ठळक होते. जब्बार पटेलांचा १९७५ चा 'सामना', लेखन विजय तेंडुलकरांचं. साखर कारखान्याच्या जिवावर मोठा झालेला हिंदुराव धोंडे पाटील (निळू फुले) आणि कुठून तरी आलेला दारुडा मास्तर (डॉ. श्रीराम लागू, साताऱ्यात जन्मलेले). मास्तरचा एकच प्रश्न चित्रपटभर फिरतो: मारुती कांबळेचं काय झालं? ऊसपट्ट्यात वाढलेल्या कुणालाही हिंदुरावाची ओळख करून द्यावी लागत नाही, आणि तिथेच आपण फसतो, कारण ओळखीच्या माणसाला विशेषण लवकर चिकटतं. तो मास्तरला घरी आणतो, पाहुणचार करतो, त्याला मास्तर आवडतोसुद्धा. त्याला सत्ता हवी आहे, हे उघड. पण एका दारुड्याकडून त्याला काय हवंय? चित्रपट पुन्हा बघाल तेव्हा एवढंच करा: तो प्रश्न जेव्हा जेव्हा विचारला जातो तेव्हा मास्तरकडे न बघता ज्याला विचारला त्याच्या चेहऱ्याकडे बघा. आशय प्रश्नात नाही, त्या चेहऱ्यांत पसरलेला आहे.

"इतकी चिरफाड केली की मजा राहते का?" असं दरवर्षी कुणीतरी विचारतंच. राहते. 'संशयकल्लोळ'ची तसबीर कुठून कुठे जाणार हे पाठ असूनही लोक इतकी वर्षं हसतायत. जी कलाकृती उलगडल्यावर मरते ती आधीच मेलेली असते.

खरी अडचण वेगळी आहे. सगळे पुरावे जमवूनही दोन माणसांची उत्तरं जुळत नाहीत, आणि तेव्हा कोण बरोबर ते ठरवायला परीक्षक नसतो. व्यंकटेश माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे, 'बनगरवाडी' १९५५ ची. तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला येतो, हळूहळू वाडीचा होतो, सगळ्यांना हाताशी धरून कुस्तीची तालीम बांधून घेतो, आणि मग दुष्काळ पडतो. मेंढरं मरतात, माणसं वाडी सोडून जातात, मास्तरची बदली होते. यात नायक मास्तर नाही, वाडी आहे, हे आमच्या बैठकीत लवकर ठरलं. जागासुद्धा पात्र असते. तिलाही काहीतरी हवं असतं, आणि बनगरवाडीला पाऊस हवा होता.

मग शेवटावर वाद लागला. सांगली शहरातल्या पोरांचं म्हणणं, ही शोकांतिका आहे. मास्तरने जोडलेलं सगळं उधळलं, गाव संपलं. या पोरांनी कृष्णेचा पूर बघितलाय, २०१९ ला घरात पाणी शिरलेलं बघितलंय. त्यांच्या लेखी गाव रिकामं होणं म्हणजे आपत्ती. आटपाडीकडचा एक मुलगा बराच वेळ गप्प होता. त्याच्याकडे पाणी जास्त झाल्याची गोष्टच नाही. खानापूर, आटपाडी या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात सोनं गाळायला देशभर पसरलेली आहेत, आणि गाव सोडणं हा तिकडे रहाटगाडग्याचा भाग आहे. तो म्हणाला, "संपलं कुठं? जगायला बाहेर पडलीत. पाऊस झाला की येतील की माघारी."

दोन्ही बाजूंनी पुस्तकं उघडली गेली. शहरातल्यांनी मेलेल्या मेंढरांच्या पानावर बोट ठेवलं. त्याने तालमीच्या पानावर ठेवलं. ज्यांना पुन्हा यायचं नसतं ती माणसं दगड वाहून भिंती रचत नाहीत, असं त्याचं म्हणणं. मी त्या दिवशी शहरातल्यांच्या बाजूने बोललो होतो. आता तो मुद्दा तितका सोपा वाटत नाही. पुढच्या बैठकीला मी सगळ्यांना एकच काम दिलंय: मास्तर निघतो त्या शेवटच्या पानांत त्याला काय हवं आहे ते शोधून आणा, आणि विशेषण एकही वापरू नका.